झारेकऱ्यांचं आकाश

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत चांदीच्या कारखान्यातला केर कुणी उकिरड्यावर टाकत नाही. संध्याकाळी भट्टी थंडावली, की बसायची पोती उचलून झटकतात, फरशीच्या सांधीसांधीतून कुंचा फिरवतात आणि सगळा केर डब्यात भरून ठेवतात. तार ओढताना गळालेले कण, कानशीचा भुगा, झाळताना उडालेले बारीक मणी, फुटलेल्या मुशीची खापरं, सगळं त्यात असतं. डबे भरले की तो केर जाळून, धुऊन, गाळून त्यातली चांदी काढतात. हे काम करणाऱ्यासाठी मराठीत जुना शब्द आहे: झारेकरी. माझे आजोबा म्हणायचे, जाणता झारेकरी केर चिमटीत घेऊन सांगतो, इथं घुंगरं झाली की करदोडे, आणि भट्टी नीट लागली होती की नाही.

मेलेल्या ताऱ्यांचा केर गाळणाऱ्या माणसांचा इतिहास मी वाचू लागलो, तेव्हा हा शब्द पुन्हा भेटल्यासारखा वाटला. प्रचंड वस्तुमानाचा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो. काही आठवडे तो एकटा अख्ख्या आकाशगंगेशी तेजाची बरोबरी करतो, मग विझतो. पण त्यानं उधळलेलं द्रव्य हजारो वर्षं पसरत राहतं. त्याला अतिनवताऱ्याचा अवशेष म्हणतात. स्फोट पाहायला मिळणं नशिबाचा भाग आहे. अवशेष मात्र शोधता येतात, आणि हा शोध गेल्या पाऊणशे वर्षांत बहुतांशी रेडिओ लहरींनी घेतला आहे. त्यात जुन्नर तालुक्यातल्या एका गावाचा वाटा आहे.

आधी शके ९७६ मध्ये जाऊ. म्हणजे इसवी सन १०५४. कोल्हापूर भागावर तेव्हा शिलाहारांची सत्ता होती. त्या वर्षी ४ जुलैला चीनच्या दरबारी ज्योतिषांनी वृषभ राशीत एक 'पाहुणा तारा' नोंदवला. तेवीस दिवस तो भर दिवसा दिसला आणि रात्रीच्या आकाशातून दिसेनासा व्हायला ६५३ दिवस लागले. मग आपल्याकडं तो कुणी पाहिला नाही? हा प्रश्न डॉ. जयंत नारळीकरांना बरीच वर्षं सतावत होता. नारळीकर जन्मानं कोल्हापूरचे, १९३८ चे. संस्कृतच्या अभ्यासक डॉ. सरोजा भाटे यांना बरोबर घेऊन त्यांनी जुन्या भारतीय ग्रंथांत या ताऱ्याचा माग काढला आणि २००१ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त दिला. ठोस उल्लेख हाती लागला नाही. मला यात आपल्या पावसाचाही हात दिसतो. जुलैत पंचगंगेला पूर असतो, दिवसचे दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. तिथं दिवसा दिसणारा तारा कुठून दिसणार? पण दसऱ्यानंतर आभाळ निवळलं असेल, तेव्हाही तो तारा तिथं होता. कुणीतरी शेतात राखणीला बसलेल्या माणसानं तो नक्की पाहिला असेल. त्याच्याकडं ताम्रपट नव्हता, एवढंच.

त्या ताऱ्याचा केर मात्र आजही जागेवर आहे. वृषभेच्या शिंगाच्या टोकाजवळ, सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर, दुर्बिणीतून पुसट ढगासारखा दिसतो. त्याला क्रॅब नेब्युला, खेकडा तेजोमेघ म्हणतात.

या ढगातून रेडिओ लहरी येतात हे कळलं ते ऑस्ट्रेलियात. दुसरं महायुद्ध संपलं होतं, रडारवर काम केलेली तरुण माणसं आणि त्यांची यंत्रं रिकामी झाली होती. आकाशातून रेडिओ लहरी येतात हे १९३०च्या दशकात कार्ल जान्स्कीनं दाखवलं होतं, पण त्या नेमक्या कुठून येतात हे सांगणं अवघड होतं. रेडिओ लहर लांब असते, त्यामुळं एकट्या लहान अँटेनाला दिशा ढोबळच कळते. जॉन बोल्टन, गॉर्डन स्टॅनली आणि ब्रूस स्ली या तिघांनी सिडनीजवळ डोव्हर हाइट्सच्या कड्यावर एक युक्ती वापरली. अँटेना समुद्राकडं तोंड करून उभी केली. क्षितिजावर उगवणाऱ्या स्रोताची लहर तिच्यापर्यंत दोन वाटांनी पोचायची, एक थेट आणि दुसरी समुद्राच्या पाण्यावरून परतून. दोन्ही एकत्र आल्या की कागदावर चढउतारांच्या ओळी उमटायच्या. जणू कड्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर दोन अँटेना ठेवल्या आहेत. १९४८ मध्ये बोल्टन आणि स्टॅनली हीच यंत्रणा घेऊन न्यूझीलंडला गेले, कारण तिथं पश्चिमेकडच्या समुद्रावर मावळणारे स्रोतही पाहता येत होते. उगवतीची आणि मावळतीची वेळ जुळवून जागा पक्की झाली. १९४९ मध्ये तिघांनी 'नेचर'मध्ये लिहिलं, की वृषभ राशीतला रेडिओ स्रोत म्हणजे क्रॅब तेजोमेघच. अतिनवताऱ्याचा अवशेष रेडिओनं ओळखण्याची ही पहिली खेप.

त्यानंतर ओळखी पटापट पटू लागल्या. १५७२ मध्ये टायको ब्राहेनं शर्मिष्ठेत पाहिलेल्या ताऱ्याच्या जागेवरून येणाऱ्या लहरी १९५२ मध्ये हॅनबरी ब्राउन आणि हॅझर्ड यांनी पकडल्या. त्याच शर्मिष्ठेत, थोडं बाजूला, रेडिओ आकाशातला एक अत्यंत तेजस्वी स्रोत होता. १९५४ मध्ये बाडे आणि मिन्कोव्स्की यांनी त्याच्या जागी मोठ्या दुर्बिणीतून वायूचे धागे शोधले. तो तारा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फुटला असावा, पण त्याची निःसंदिग्ध नोंद कुणाकडंच नाही. म्हणजे न पाहिलेल्या मरणाची वर्दी केरानं दिली.

केरातून लहरी का येतात, हे समजून घेण्यासारखं आहे. स्फोटात उडालेलं द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं सुटतं आणि ताऱ्यांमधल्या विरळ वायूवर आदळतं. त्या धडकेच्या सीमेवर इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळू लागतात. तिथं चुंबकीय क्षेत्र असतं. त्यात हे इलेक्ट्रॉन गरगरतात आणि गरगरताना रेडिओ लहरी सोडतात. क्रॅबचा दृश्य प्रकाशसुद्धा असाच तयार होत असेल, असं १९५३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ श्क्लोव्स्की यांनी मांडलं, आणि पुढच्याच वर्षी त्या प्रकाशाची कंपनं ठरावीक दिशेला कललेली आढळली तेव्हा ते खरं ठरलं. या लहरींची खूण अशी, की कंप्रता जितकी कमी तितक्या त्या जोरकस. ही खूण लक्षात ठेवावी, पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे.

शिवाय रेडिओला धूळ अडवत नाही. आपल्या आकाशगंगेच्या पातळीत इतकी धूळ आहे की धनू राशीच्या दिशेला साध्या दुर्बिणीची नजर थोडी पुढं जाऊन थांबते. पावसाळ्यात आंबा घाटात धुकं उतरलं, की समोरून येणारी एसटी दिसत नाही, पण हॉर्न ऐकू येतो. रेडिओ दुर्बीण हॉर्न ऐकते.

बोल्टन, स्टॅनली आणि स्ली सिडनीतल्या ज्या प्रयोगशाळेत होते, तिथंच १९५३ मध्ये एक भारतीय तरुण दाखल झाला. उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वाराचे, चोवीस वर्षांचे गोविंद स्वरूप. त्यांना दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या के. एस. कृष्णन यांनी पाठवलं होतं. सिडनीत पॉट्स हिलला सूर्य पाहण्यासाठी उभारलेल्या, प्रत्येकी १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या होत्या. ऑस्ट्रेलियाला त्या नकोशा झाल्या, मोडीत निघणार होत्या. स्वरूपांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या. जहाजाच्या भाड्यापायी काही वर्षं गेली, पण तबकड्या आल्या. स्वरूप दरम्यान अमेरिकेत जाऊन स्टॅनफर्डला डॉक्टरेट झाले. १९६१ मध्ये त्यांनी आणि परदेशातल्या आणखी तिघा भारतीय रेडिओ खगोलज्ञांनी, टी. कृष्णन, कुंडू आणि मेनन यांनी, मायदेशी गट उभा करण्याचा प्रस्ताव पाठवला. जानेवारी १९६२ मध्ये होमी भाभांची होकाराची तार आली. १९६३ मध्ये स्वरूप मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

मोडीतल्या ३२ तबकड्या १९६५ मध्ये कल्याणजवळ उभ्या राहिल्या. पूर्व-पश्चिम ६३० मीटरच्या ओळीत २४ आणि दक्षिणोत्तर आठ. मराठी मुलखातली ही पहिली रेडिओ दुर्बीण. तिनं फक्त सूर्य पाहिला, अवशेष पाहण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. पण तिच्यावर राबलेल्या पोरांचे हात तयार झाले. आमच्याकडंही नव्या पोराला आधी मोडीची चांदी आटवायला देतात.

मग उटी. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद अशी ती दुर्बीण डोंगराच्या उतारावर बसवली. उतार शोधून काढला तो बरोबर उटीच्या अक्षांशाएवढा, अकरा अंशांचा. त्यामुळं दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि एका आसावर फिरवली तरी तिला आकाशातल्या स्रोतामागं तासन् तास जाता येऊ लागलं. १९७० मध्ये ती सुरू झाली. चंद्र एखाद्या स्रोतासमोरून गेला की त्याची लहर कशी झाकली जाते आणि कशी परत उमटते, यावरून स्रोताची बारीक रचना काढायची, ही तिची पद्धत. आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या सॅजिटेरियस ए या स्रोताचं असं पिधानही तिथून टिपलं गेलं. पण चंद्र काही सगळ्या आकाशातून फिरत नाही.

म्हणून खोडद. १९८४ च्या सुमारास स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात मांडलेल्या मोठ्या अँटेनांची कल्पना धरली. १९८७ मध्ये मंजुरी मिळाली. जागा ठरली जुन्नर तालुक्यातलं हेच खोडद, नारायणगावजवळ, पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर. तिथं रेडिओचा गोंगाट कमी होता, भोवतालचे डोंगर आडोसा द्यायचे आणि १९ अंश अक्षांशावरून आकाशगंगेच्या केंद्राकडचं दक्षिण आकाश चांगलं दिसायचं. तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा अँटेना साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती आवारात, उरलेल्या सोळा तीन बाहूंवर द्राक्षमळ्यांतून आणि माळरानांतून पंचवीस किलोमीटरच्या परिसरात. नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, सगळे जीएमआरटी म्हणतात. ४ ऑक्टोबर २००१ ला रतन टाटांच्या हस्ते ती देशाला अर्पण झाली.

विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला प्रदर्शन भरतं. मी गेलो तेव्हा मोबाइल बंद करायला सांगितलं होतं, आणि ते योग्यच. त्या दुर्बिणीला शेजारच्या मोबाइलपुढं आकाश ऐकू येणार नाही. माझी मान वर गेली ती तारेसाठी. एवढी अजस्र तबकडी, पण तिचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही. नळ्यांच्या चौकटींमध्ये ताणलेल्या दोरखंडांवर स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी बसवली आहे, आणि तार आहे ०.५५ मिलीमीटर जाडीची. हुपरीच्या माणसाला तारेची जाडी नजरेनंच कळते. ही तार आमच्या तार ओढायच्या जंत्रीच्या भोकातून निघाल्यासारखी! जाळीची घरं एक ते दोन सेंटिमीटरची. जी लहर टिपायची ती एकवीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत लांब, त्यामुळं एवढ्या भोकांतून ती निसटत नाही. वारा मात्र निसटतो. वारा निसटल्यामुळं सांगाडा हलका करता आला, हलका म्हणून स्वस्त झाला, आणि स्वस्त झाला म्हणून तीस करता आल्या. स्वरूपांची ही सगळी किमया त्या तारेत आहे. मी त्या जाळीखाली बराच वेळ उभा होतो.

आता अवशेष ओळखायचे कसे? आकाशगंगेच्या पातळीचा रेडिओ नकाशा पाहिला तर तो ढगांनी गच्च भरलेला असतो, आणि त्यातले पुष्कळ ढग मरणाचे नसून जन्माचे असतात. तरुण, तप्त ताऱ्यांभोवतीचा हायड्रोजन तापून रेडिओत चमकतो. तोही गोल दिसू शकतो, त्यालाही कडा असते. झारेकऱ्याच्या चाळणीत चांदी आणि कथील दोन्ही चमकतात, तशातली ही गत. म्हणून कस लावायचा. एकाच ढगाची तेजस्विता दोन-तीन कंप्रतांना मोजायची. तप्त हायड्रोजनची तेजस्विता बहुतेक सारखी राहते, आणि अगदी कमी कंप्रतेला तर तो स्वतःच लहरी गिळून काळवंडतो. अवशेष उलट कमी कंप्रतेला उजळत जातो. मग अवरक्त प्रकाशातला नकाशा शेजारी ठेवायचा. जन्मस्थानातली धूळ तिथं झगझगीत दिसते, अवशेष सहसा फिकाच. लहरींची कंपनं एका दिशेला कललेली आढळली तर चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या इलेक्ट्रॉनचा आणखी एक पुरावा.

ज्या दुर्बिणीनं १५० आणि ३२७ मेगाहर्ट्झला बारीक पाहता येतं, तिच्यासाठी हे काम जणू मापून बेतलेलं आहे. कमी कंप्रतेच्या लहरी ऐकणाऱ्या दुर्बिणी जगात होत्या, पण त्यांतल्या बहुतेकींना बारकावा कमी. खोडदला पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यामुळं बारकावा मिळतो, आणि मधल्या आवारातल्या चौदा अँटेनांमुळं मोठा, पसरट ढगही हरवत नाही. ही दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. दूरदूरच्या अँटेनांच्या जोड्या फक्त बारीक तपशील पकडतात. चंद्राएवढा पसरलेला अवशेष त्यांच्यापुरता जणू नसतोच. तो पाहायला जवळजवळच्या जोड्या लागतात.

कमी कंप्रतेची ताकद २००६ मध्ये अमेरिकेत ठळक दिसली. क्रिस्टल ब्रोगन आणि सहकाऱ्यांनी व्हीएलए दुर्बिणीनं ३३० मेगाहर्ट्झला आकाशगंगेच्या आतल्या भागाची एक पट्टी चाळली आणि एकदम ३५ नवे अवशेष पुढं ठेवले. ते आधीपासून तिथंच होते, फक्त आधीच्या चाळणीची भोकं मोठी होती.

खोडदच्या चाळणीतून २०१३ मध्ये सुभाशिस रॉय आणि सब्यसाची पाल यांनी एक छोटं अर्धवट कडं वेगळं काढलं. नाव त्याच्या आकाशातल्या जागेवरून, जी ३५४.४+०.०. चंद्रबिंबाच्या जवळजवळ विसाव्या भागाएवढं. अंतर काढायला त्यांनी वाटेतल्या हायड्रोजनची साक्ष घेतली. आपल्या आणि कड्याच्या मधला थंड हायड्रोजन एकवीस सेंटिमीटरची लहर शोषतो; कोणत्या वेगाच्या ढगांनी ती शोषली हे पाहिलं, की कडं निदान कोणत्या ढगांच्या मागं आहे ते कळतं. एवढ्या दूरचं आणि एवढं लहान, म्हणजे फुटून फार काळ झालेला नसणार. शंभर ते पाचशे वर्षं, असा त्यांचा अंदाज. खरा असेल, तर हा तारा इकडं यादव गेल्यानंतर, विजयनगर, आदिलशाही, शिवशाही, पेशवाई किंवा इंग्रजी अंमल यांपैकी कुठल्यातरी काळात फुटलेला दिसला असता, धूळ मध्ये नसती तर.

अशा शोधांची वही ठेवणारा एक माणूस आहे. केंब्रिजचे डेव्हिड ग्रीन १९८४ पासून आकाशगंगेतल्या अवशेषांची यादी करत आले आहेत. २०१४ ची त्यांची यादी भारतीय खगोल संस्थेच्या पत्रिकेत छापली गेली. त्यात २९४ नावं होती. यादीत नावं वाढतात तशी खोडलीही जातात. २०१७ मध्ये थॉर नावाच्या सर्वेक्षणानं ७६ नवे उमेदवार सुचवले आणि त्याच वेळी आधी अवशेष मानलेले काही ढग साधा तप्त हायड्रोजन असल्याचं दाखवलं. मला या खोडण्याबद्दल फार आदर वाटतो. कसात न उतरलेला तुकडा ज्या धंद्यात बाजूला काढला जात नाही, त्याच्या मालावर गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही.

आणि तरीही हिशेब जुळत नाही. आकाशगंगेत शतकाला साधारण दोन-तीन तारे फुटतात असं मानलं जातं, आणि अवशेष काही दशहजार वर्षं रेडिओत दिसावा. म्हणजे हजाराहून जास्त अवशेष सापडायला हवेत. सापडले आहेत तीनशेच्या आसपास. उरलेले कुठल्यातरी सांधीत, कुंचा न पोचलेल्या जागी पडले आहेत.

केरातलं चुंबकीय क्षेत्र किती जोरकस, हेही लहरी सांगतात. १९९३ च्या मार्चमध्ये एम८१ या शेजारच्या दीर्घिकेत एक तारा फुटला. जवळजवळ नऊ वर्षांनी पूनम चंद्रा, अलक रे आणि संजय भटनागर यांनी खोडदला तो कमी कंप्रतांवर मोजला आणि व्हीएलएची जास्त कंप्रतांवरची मोजणी शेजारी मांडली. चार गिगाहर्ट्झच्या जवळ आलेख एकदम वाकलेला दिसला. जोरदार इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा आधी उधळून बसतात, म्हणून वरच्या कंप्रतांचा आवाज आधी बसतो. ते वाकण कुठं आहे आणि तारा फुटून किती दिवस झाले, या दोन गोष्टींवरून त्यांनी तिथल्या चुंबकीय क्षेत्राची ताकद काढली. २००४ मध्ये हे छापून आलं. एक कोटी प्रकाशवर्षांहून दूर, जिथं काही डोळ्यानं दिसत नाही, तिथलं चुंबकीय क्षेत्र मोजलं गेलं ते जुन्नरच्या माळावरच्या तारेच्या जाळीतून.

आमच्या हातातली चांदीही अशाच एखाद्या राखेतली. हायडेलबर्गच्या कॅमिला हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जुन्या ताऱ्यांतलं चांदीचं प्रमाण मोजून दाखवलं, की चांदी आणि सोनं एकाच प्रकारच्या स्फोटात घडत नाहीत, दोघांच्या भट्ट्या वेगळ्या. चांदीची भट्टी तुलनेनं लहान वस्तुमानाच्या ताऱ्यांची असावी, असं त्यांनी सुचवलं. हे मी गावात एका जुन्या कारागिराला सांगितलं. हातातली तार न सोडता ते म्हणाले, "म्हंजे सोनाराची आळी वायली, आमची वायली."

आता एकच अवशेष सांगायचा राहिला. १९८४ मध्ये ग्रीन यांनी गल यांच्याबरोबर धनू राशीत, आकाशगंगेच्या केंद्राजवळ, एक चिमुकलं गोल कडं शोधलं होतं. जी १.९+०.३. तरुण असावं असं वाटलं, पण पुरावा नव्हता. १९८५ मध्ये त्याचं रेडिओ चित्र घेतलं आणि ठेवून दिलं. २००७ मध्ये क्ष-किरण दुर्बिणीनं ते पाहिलं तेव्हा कडं जुन्या चित्रापेक्षा मोठं दिसलं. खात्री करायला मार्च २००८ मध्ये व्हीएलएनं पुन्हा रेडिओ चित्र घेतलं आणि दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली. तेवीस वर्षांत कडं सुमारे पंधरा टक्क्यांनी फुगलं होतं. त्या वेगानं मागं मोजत गेलं की त्याचं वय दीडशे वर्षांच्या आत येतं. म्हणजे त्या स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर पोचायचा तेव्हा कोल्हापुरात छत्रपतींचं संस्थान होतं, आणि हुपरीत माझ्या पणजोबांचे वडील किंवा आजोबा उन्हाळ्याच्या रात्री अंगणात बाज टाकून झोपत असतील. धनू रास तेव्हा मध्यरात्रीनंतर दक्षिणेला वर येते. त्यांच्या समोर तारा फुटला आणि धुळीनं त्यातला कणभर उजेडही त्यांच्यापर्यंत येऊ दिला नाही.